दादाने स्वच्छ केलेलं पुस्तक

माझ्या भावाचं काम सांगितलं की लोक आधी हसतात. तो डाग काढतो. त्यांच्या लाँड्रीत धुण्याला यंत्रं आहेत, इस्त्रीला वेगळी माणसं आहेत. दादा मागच्या खोलीत खिडकीजवळच्या उंच टेबलाशी उभा असतो आणि यंत्रांनी हात टेकले की कपडा त्याच्यापुढे येतो. शाई, गंज, रक्त, तेल, लिपस्टिक, आणि गिऱ्हाईक शपथेवर सांगतं की कशाचा ते माहीत नाही असा प्रत्येक डाग. दादा कपडा उजेडात धरतो, उलटा करून बघतो, हुंगतो, मग कुठली बाटली उचलायची ते ठरवतो. घासाघीस नाही. पांढऱ्या फडक्याने टिपत टिपत कडेकडून मध्याकडे यायचं. मध्यापासून सुरुवात केली तर डाग पसरतो, हे त्याने मला इतक्यांदा ऐकवलंय की झोपेतही मी म्हणून दाखवीन.

डाग गेला की त्याचं समाधान होत नाही. डाग कुठे होता ती जागासुद्धा कळता कामा नये, असा त्याचा हट्ट. कपडा घरी गेल्यावर बाईने नवऱ्याला विचारलं पाहिजे, "काय हो, तो डाग डाव्या बाहीवर होता की उजव्या?" एवढी एक गोष्ट सांगताना माझा भाऊ हसतो. एरवी तो हसायच्या बाबतीत फार काटकसरी माणूस आहे.

शाळा त्याने लवकर सोडली. पेपर वाचतो, पण बोट ठेवून. शिकलेल्या माणसांबद्दल त्याला भलताच आदर. डॉक्टरांचा कोट टेबलावर आला तर तो आधी हात धुऊन येतो. मी औषधांच्या दुकानात काउंटरला आहे, डॉक्टरांची अक्षरं वाचण्यात माझी उमर गेली, त्यामुळे माझा आदर बेताचाच आहे. यावरून आमचं जन्माचं भांडण.

वहिनी आजारी पडली तेव्हा त्याची मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्गांत होती. तिला आम्ही मुंगी म्हणतो. लहानपणी ती घरातली एकेक वस्तू उचलून या खोलीतून त्या खोलीत नेऊन ठेवायची, कुणी सांगितलेलं नसताना, म्हणून. मुंगीला शाळा सोड असं कुणीच म्हटलं नाही. आधी ती एखादा दिवस घरी राहिली, मग आठवडा, मग आईला उठून बसवायला कुणीतरी लागायचंच. दादा टेबल सोडून येऊ शकत नव्हता. मी तेव्हा शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचे, जमेल तशी यायचे. शाळेतून तिचं नाव कमी झालं ते आम्हाला दोन महिन्यांनी कळलं, आणि कळलं तेव्हा त्यावर बोलायला कुणाला सवड नव्हती.

वहिनी गेली. मी माझी ट्रंक घेऊन दादाकडे राहायला आले. घरात एवढी सामसूम होती की कपबशी ठेवल्याचा आवाजही अपराध केल्यासारखा वाटायचा. दादा कामावरून यायचा, हात धुवायचा, आणि पलंगाच्या रिकाम्या बाजूकडे पाठ करून बसायचा. त्याच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली होती, की बायको तर वाचवता आली नाहीच, पण पोरीचं शिक्षणही आपण त्यातच घालवलं. हे तो मला रोज सांगायचा. मुंगीला एकदाही नाही.

मुंगीला गणित आवडायचं. आईच्या उशाशी बसून ती गणितं सोडवायची, दवाखान्याच्या बाकावर सोडवायची, गोळ्यांच्या रिकाम्या खोक्यांच्या आतल्या बाजूवर सोडवायची. तिला पूल बांधायचे होते. पूलच का, म्हणून मी एकदा विचारलं तर म्हणाली, "पूल कुणाच्या मर्जीवर उभा राहत नाही, आत्या. हिशेबावर राहतो." आईच्या आजारात तिने मर्जीवर चालणारी बरीच माणसं पाहिली होती.

शाळेने तिला परत घेतलं नाही. वय उलटलं, वर्ग भरले, नियम. राहिला एकच मार्ग. शाळेशिवाय, घरी अभ्यास करून, शेवटची मोठी परीक्षा बाहेरून द्यायची. परीक्षा तीच, प्रश्नपत्रिका तीच, फक्त शिकवायला कुणी नाही. गणिताचे त्यात दोन प्रकार होते, सामान्य गणित आणि उच्च गणित. पूल बांधायला शिकवणाऱ्या कॉलेजात उच्च गणिताशिवाय दारातही उभं करत नाहीत. सामान्य गणितावर ऑफिसातल्या नोकऱ्या मिळतात, हिशेबाचे कोर्स मिळतात. तेव्हा मुंगीचं सगळं त्या एका विषयावर येऊन ठेपलं होतं, आणि हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

मुलगी बाहेरून बसतेय म्हटल्यावर अख्खी गल्ली मदतीला धावली. सल्ला द्यायला कुणाला पदरचं काही घालावं लागत नाही. शेजारच्या शिलाईवाल्या बाईने मुलाची जुनी गाइडं आणून दिली. लाँड्रीच्या मालकाने अपेक्षित प्रश्नांचे संच पाठवले, तेही अशा वर्षांचे की त्यातले प्रश्न आता कुणीच अपेक्षित नव्हते. माझ्या दुकानातल्या पोऱ्याने फोनवर व्हिडिओ लावून दिले. त्यातला मास्तर एवढ्या घाईने बोलायचा, जणू त्याची बस सुटतेय. महिनाभरात टेबल पुस्तकांनी भरलं आणि मुंगीचा चेहरा उतरला. एका पुस्तकात एक पद्धत, दुसऱ्यात दुसरी. सकाळी हे उघडायचं, दुपारी ते, आणि संध्याकाळी आपण काहीच केलं नाही असं वाटायचं.

बाजाराच्या मागच्या रस्त्यावर जुन्या पुस्तकांचं एक दुकान आहे. तिथल्या म्हाताऱ्याने बाहेरून बसणारी बरीच मुलं पाहिलेली. त्याने तिला सांगितलं की अशी मुलं पुस्तकं गोळा करतात आणि त्यातच बुडतात. एका विषयाला एकच पुस्तक घे, पण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कर. मला हे पटलं. चार डॉक्टरांच्या चार चिठ्ठ्या घेऊन येणारी माणसं मी रोज बघते, आणि त्यातलं कुणी बरं झालेलं अजून पाहिलं नाही.

मुंगीने मग निवड केली ती फार शहाणपणाने केली, हे मी आजही म्हणेन. दुकानातल्या स्टुलावर बसून तिने एकच धडा तीन-तीन पुस्तकांतून वाचला. ज्यात तो कळला ते पुस्तक तिचं. गणितासाठी एक जाडजूड निळं पुस्तक तिच्या मनात भरलं. त्यात नुसतं उत्तर कसं काढायचं एवढंच नव्हतं, तसंच का, तेही होतं. दर प्रकरणाखाली भरपूर गणितं आणि पुस्तकाच्या शेवटी सगळ्यांची उत्तरं. एकट्याने शिकणाऱ्याला आणखी काय पाहिजे? पुढच्या वर्षी अभ्यासक्रम बदलणार होता म्हणून नवी प्रत कुठेच मिळत नव्हती. ती स्टुलावर बसून वाचत होती ती प्रतही दुसऱ्या कुणीतरी उचलली. म्हातारा म्हणाला, एक चांगली प्रत येणार आहे, बाजूला ठेवतो. मुंगीने घरातली बाकीची गाइडं ज्याची त्याला परत केली आणि टेबल मोकळं केलं.

पुस्तकं आणायचं काम दादाने स्वतःकडे घेतलं होतं. पोरीसाठी करण्यासारखं तेवढंच त्याच्या हातात होतं. कामावरून येताना तो दुकानात जायचा, पुस्तक घ्यायचा, आणि ते लगेच तिच्या हातात द्यायचा नाही. आधी साफ करायचा. रविवारी दुपारी खिडकीपाशी बसून, पांढरं खोडरबर, मऊ ब्रश आणि एक जुनं फडकं घेऊन. कव्हरवरची नावं, समासातली बदामं, शास्त्रज्ञांना काढलेल्या मिशा, कंटाळलेल्या पोरांनी मारलेल्या रेघोट्या. एकेक पान तो उजेडात तिरकं धरायचा, पेन्सिलीचा वळ उरला असेल तर पुन्हा हलक्या हाताने घ्यायचा, रबराचा चुरा ब्रशने झाडायचा. उसवलेली शिवण चिकटवायचा. इतिहासाचं पुस्तक त्याच्या हातून बाहेर पडलं तेव्हा मला खरंच नवं वाटलं. मी म्हटलं, राजा-महाराजांच्या अंगावरचेही डाग काढलेस की काय. त्याला ते आवडलं नाही.

त्याचं म्हणणं असं होतं की दुसऱ्याच्या खुणा असल्या की आपली नजरही तिथेच जाते. आपल्या पोरीने स्वतःच्या डोक्याने शिकावं. शिवाय दुसऱ्यांनी टाकलेलं आपल्याला वापरावं लागतंय, असं तिला वाटता कामा नये. हे दुसरं कारण त्याने मला फार हळू आवाजात सांगितलं.

निळं पुस्तक आलं ते पेन्सिलीने गच्च भरलेलं. गणितांशेजारी बारीक अक्षरात टिपणं होती, आणि शेवटी, जिथे उत्तरं छापलेली होती तिथे, कितीतरी उत्तरं खोडून शेजारी दुसरी लिहिलेली. दादाने ती पानं मला दाखवली. "बघ काय पोरं असतात," तो म्हणाला. "स्वतःचं चुकलं तर पुस्तकातलंच उत्तर बदलून टाकायचं." मीही हसले. गणिताशी माझा संबंध गोळ्या मोजण्यापुरताच. दादाने तो अख्खा रविवार आणि पुढचाही त्या पुस्तकाला दिला. छापील आकड्यांना धक्का न लावता त्यांच्यावरची रेघ तेवढी उचलायची, हे त्याच्या मते रेशमावरची शाई काढण्याइतकं नाजूक काम होतं. काम झाल्यावर त्याने पुस्तक जाड कागदात गुंडाळलं आणि मुंगीसमोर ठेवलं. तिने उघडून पाहिलं, पानांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "बाबा, नवं मिळालं?" कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा उजळला.

सुरुवातीचे महिने चांगले गेले. मुंगी गणित सोडवायची, मागचं पान उघडायची, मान डोलवायची, पुढे जायची. दादा समोर बसून पेपर वाचायचं सोंग करायचा, पण डोळा त्या मानेवर. मान हलली की पान उलटायचा. मी भाजी चिरता चिरता दोघांकडे बघायचे आणि मला वाटायचं की या घराला लागलेलं ग्रहण आता सुटतंय.

मग मधली प्रकरणं आली आणि तिची मान हलेनाशी झाली. उत्तर काढायची, मागे बघायची, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. कधी तिचं उत्तर थोडंसं मोठं यायचं, कधी थोडंसं लहान. अगदी वेगळं आलं असतं तर संशय तरी आला असता. पण ते दर वेळी जवळपास यायचं, म्हणजे वाट बरोबर, पाय मात्र कुठेतरी घसरतोय, असंच वाटणार. एकच गणित ती चार-चार वेळा करायची. पाचव्यांदा पुस्तकातल्या उत्तराला जुळवून घ्यायला मधली एखादी पायरी वाकडी करून बघायची आणि ते पटलं नाही की कागद चुरगळायची.

मी म्हटलं, पुस्तकच चुकलं असेल. ती म्हणाली, "एखादं चुकेल गं. इतकी कशी चुकतील? ते पुस्तक शाळाशाळांतून चालतं. हजारो मुलांची येतात, माझीच येत नाहीत." जुन्या प्रश्नपत्रिका होत्या, पण त्यांच्याबरोबर उत्तरं येत नाहीत. व्हिडिओतल्या मास्तरामागून केलेलं तिला जमायचं, पण त्याचा अर्थ तिने असा लावला की कुणी बोट धरलं तरच आपल्याला चालता येतं.

एकदा ती धीर करून जुन्या शाळेत गेली. गणिताचे सर वर्गावर निघाले होते. त्यांच्या शाळेत दुसरं पुस्तक होतं. व्हरांड्यात उभ्या उभ्याच त्यांनी तिचा कागद पाहिला, मागचं छापील उत्तर पाहिलं आणि सांगितलं की पद्धत ठीक आहे, आकडेमोडीत घोळ होतोय, सराव वाढव. सर वाईट नव्हते, घाईत होते. ती घरी आली आणि त्या दिवसापासून तिने सराव वाढवला, म्हणजे चुकीच्या उत्तरांशी डोकं आपटणं वाढवलं. जेवण कमी झालं. नखं कुरतडून बोटं लाल केली. जी गणितं तिला आधी येत होती त्यांच्यावरही ती दोन-दोनदा शंका घ्यायला लागली. "बरोबर आलंय असं मला वाटतं ना, आत्या, तेव्हाच ते चुकलेलं असतं," ती एकदा म्हणाली. विशीच्या आतल्या पोरीच्या तोंडचं हे वाक्य.

परीक्षेचे विषय बदलायची मुदत संपत आली तेव्हा तिने अर्जात उच्च गणित खोडून सामान्य गणित केलं. आम्हाला नंतर सांगितलं. दादा म्हणाला, झेपेल तेवढंच करावं माणसाने. म्हणाला खरं, पण दुसऱ्या दिवशी त्याच्या हातून एक पांढरा शर्ट जळला. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

निकाल चांगला लागला. सामान्य गणितात तिला पैकीच्या पैकी मार्क पडले. गल्लीने कौतुक केलं, मालकाने तिला लाँड्रीच्या काउंटरवर बसवलं आणि संध्याकाळी ती हिशेबाच्या कोर्सला जाऊ लागली. पुलाचं नाव त्यानंतर घरात निघालं नाही. मुंगी हसायची, बोलायची, पण तिच्या बोलण्यात "मला वाटतं" हे दोन शब्द येईनासे झाले. भाजीत मीठ बरोबर आहे का, एवढंही ती मला विचारून मग सांगायची.

पुस्तकं परत विकायला दादा गेला तेव्हा मी बरोबर होते, कारण पिशव्या दोन होत्या. दुकानातला म्हातारा एकेक पुस्तक हातात घेऊन दादाच्या कामाची तारीफ करत होता. दादा ओशाळून खाली बघत होता. मग म्हाताऱ्याने निळं पुस्तक उचललं, सरळ शेवटची पानं उघडली आणि चष्मा वर सरकवला.

"इथली पेन्सिल कुठे गेली?" त्याने विचारलं.

दादा म्हणाला, "पुसली. सगळी पुसली. वळसुद्धा नाही ठेवला."

म्हाताऱ्याने पुस्तक मिटलं. मग तो जे बोलला ते सावकाश बोलला, समोरच्याला लागू नये म्हणून. त्या छपाईत मधल्या प्रकरणांतल्या गणितांचे आकडे बदलले होते, पण मागची उत्तरं जुनीच राहून गेली होती. ज्या शाळांत ते पुस्तक चालतं तिथे हे सगळ्यांना माहीत. पहिल्याच दिवशी सर फळ्यावर बरोबर उत्तरं लिहितात आणि मुलं ती पेन्सिलीने उतरवून घेतात. "तुमची मुलगी एकटी करणार म्हणून तर ही प्रत राखून ठेवली होती मी," तो म्हणाला. "एका चांगल्या शाळेतल्या मुलाची होती. सगळं दुरुस्त केलेलं. तुम्हाला बोलायला हवं होतं मी. वाटलं, दिसतंयच की."

 दादाचा हात त्या पुस्तकावर होता आणि तो तसाच राहिला. म्हातारा आत गेला, कुठून तरी नंतरच्या छपाईची एक फाटकी प्रत शोधून घेऊन आला आणि ती तशीच दादाच्या पिशवीत टाकली. यात उत्तरं बरोबर आहेत, म्हणाला.

वाटेत मी दादाला बजावलं, तिला सांगू नकोस. झालं ते झालं, आता उकरून काय मिळणार? मी रागाने बोलत होते, आणि राग कुणावर होता ते मलाही कळत नव्हतं. छापणाऱ्यांवर, व्हरांड्यातल्या सरांवर, त्या म्हाताऱ्यावर, की ब्रशने चुरा झाडणाऱ्या माझ्या भावावर. दादा म्हणाला, "गिऱ्हाइकाचा कपडा माझ्या हातून खराब झाला तर मी घडीत लपवून देत नाही. ही तर माझी पोर आहे."

मुंगी काउंटरवरून घरी आली तेव्हा तो दारातच उभा होता. त्याने तिला बसूही दिलं नाही. दोन्ही पुस्तकं पुढे केली आणि सगळं सांगितलं. आपण काय समजलो, काय पुसलं, कुठल्या पानांवर पुसलं. शेवटी म्हणाला, "तुझं बरोबर येत असणार, बाळा. मी घालवलं. आधी शाळा घालवली, मग हे."

मुंगी ऐकत होती. तिचा चेहरा मला वाचता आला नाही, आणि मी डॉक्टरांची अक्षरं वाचणारी बाई आहे. ती म्हणाली, थांबा, बघते. दोन्ही पुस्तकं घेऊन ती टेबलाशी बसली आणि गणितं करू लागली. किती दिवसांनी करत होती, पण हात अडखळला नाही. दादा दाराच्या चौकटीला धरून उभा. एक झालं, दुसरं झालं, कागद उलटला, पाठीमागेही केलं. दर वेळी फाटक्या पुस्तकाचं शेवटचं पान उघडायची, बघायची, मिटायची. या वेळी मान हलत नव्हती.

मग तिने कागदाची घडी घातली, मुठीत धरली आणि बापाकडे वळून म्हणाली, "नाही, बाबा. या उत्तरांशीही जुळत नाही. माझंच चुकत होतं. तुमच्या पुसण्याने काही झालं नाही."

दादाने तिला पुन्हा विचारलं. नक्की? ती म्हणाली, नक्की, उच्च गणित मला झेपणारं नव्हतंच. माझा भाऊ खाली बसला आणि तोंडावर दोन्ही हात घेऊन रडला. सुटल्यासारखा रडला. वहिनी गेली तेव्हाही तो असा मोकळा झाला नव्हता.

मी मुंगीच्या मागोमाग मोरीत गेले. तिने नळ सोडला होता आणि तो कागद पाण्याखाली धरून बोटांनी विरघळवत होती. मी विचारलं, "जुळली ना?"

"सगळी," ती म्हणाली.

 मी म्हटलं, अगं मग पुन्हा बस परीक्षेला, नवा अभ्यासक्रम तर नवा, तुला काय अवघड आहे. माझा आवाज चढत होता. तिने माझ्या दंडावर ओला हात ठेवला.

"पुन्हा बसले तर पास होईन, आत्या. मग त्यांना कळेल ना, की मला येत होतं."

तिने नळ बंद केला, हात पुसले आणि बापाला पाणी घेऊन गेली.

दादा आता बरा असतो. जेवतो, झोपतो, कधी कधी पेपरातलं मोठ्याने वाचून दाखवतो. लाँड्रीत कुणी मुलीची चौकशी केली तर पूर्वी तो विषय टाळायचा; आता आपण होऊन सांगतो. पोर हुशार आहे हो, सगळ्यात हुशार, फक्त ते वरचं गणित तेवढं तिला झेपलं नाही, सगळ्यांना सगळं थोडंच येतं. हे तो अगदी मायेने सांगतो. मुंगी काउंटरवर तयार कपड्यांना चिठ्ठ्या लावत असते. गिऱ्हाईक तिच्याकडे बघतं, तेव्हा ती हसून हो म्हणते.